इंग्रजी लिहिताना स्त्रीपुरुषवाचक शब्द कसे योजावेत

छत्रपती संभाजीनगरच्या भोवती चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्यापासून इंग्रजीत अर्ज लिहिणे हा इथल्या सामान्य घरांतला नित्यव्यवहार होऊन बसला आहे, आणि आयुष्याची बरीच वर्षे इंग्रजी शिकवण्यात गेल्यामुळे असे अर्ज तपासून देण्याचे काम निवृत्तीनंतरही माझ्याकडे चालत येते. मागे एकदा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून स्थापत्य आरेखनाचा अभ्यासक्रम पुरा केलेली एक मुलगी आपला परत आलेला अर्ज घेऊन आली. प्रमाणपत्रावर व्यवसायाचे नाव 'ड्राफ्ट्समन सिव्हिल' असे होते. ते आपल्याला लागू पडत नाही असे वाटून तिने अर्जात 'ड्राफ्ट्सवुमन' असे लिहिले होते, आणि प्रमाणपत्रातील व अर्जातील नोंद जुळत नाही असा शेरा मारून कारकुनाने तो परत केला होता. "सर, मी 'मॅन' तर नाही, मग मी लिहू तरी काय?" असा तिचा प्रश्न होता. त्या वेळी मी तिला दोन वाक्यांत उत्तर देऊन मार्गी लावले. परंतु प्रश्न दोन वाक्यांत आटोपण्याजोगा नव्हता, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला तो केव्हा ना केव्हा पडतोच, म्हणून येथे त्याचा सावकाशीने विचार करीत आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढचे सर्व त्यावर उभे आहे. मराठीत लिंग हे व्याकरणाने लादलेले असते. 'मी आलो' किंवा 'मी आले' एवढे दोन शब्द उच्चारताच बोलणारा पुरुष की स्त्री हे उघड होते, आणि ते झाकावे असे कितीही मनात आले तरी क्रियापद ते झाकू देत नाही. याच कारणामुळे मराठीत व्याकरणातील लिंग आणि प्रत्यक्ष स्त्रीपुरुषत्व यांची फारकत आपण सहज पचवतो: मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या व्याकरणापासून शाळेतल्या क्रमिक पुस्तकापर्यंत सर्वत्र 'व्यक्ती' स्त्रीलिंगी आहे, आणि मिशा राखलेल्या गृहस्थाविषयी 'ती व्यक्ती निघून गेली' असे लिहिताना कोणाची लेखणी अडखळत नाही. इंग्रजीची रीत निराळी. 'आय केम' यात स्त्री नाही, पुरुष नाही. 'टीचर', 'डॉक्टर', 'क्लार्क', 'फ्रेंड' यांना लिंगच नाही. तृतीयपुरुषी एकवचनाचे सर्वनाम सोडले तर त्या भाषेचे व्याकरण लेखकाला लिंग सांगण्याची सक्ती कोठेच करीत नाही. सक्ती नसताना जे सांगितले जाते ते हेतुपूर्वक सांगितले असे वाचणारा धरून चालतो. 'लेडी डॉक्टर' असे इंग्रजीत लिहिले की वाचणाऱ्याच्या मनात लगेच उभे राहते, की डॉक्टर म्हणजे मूळचा पुरुष, आणि ही त्यातली अपवादात्मक बाई. मराठीत जे निव्वळ व्याकरण असते ते इंग्रजीत मत होऊन बसते; आणि आपल्या इंग्रजी लिखाणातील या जातीचे बहुतेक दोष मराठीची सवय नकळत तिकडे नेल्यामुळे घडतात, अशी माझी अनेक वर्षांच्या तपासणीनंतरची खात्री आहे.

या शहराला तर हा भेद जिव्हाळ्याने कळावा असे आहे. १६१० मध्ये मलिक अंबराने वसवलेल्या खडकीपासून १९४८ मध्ये निजामी राज्य संपेपर्यंत येथील दफ्तर फारसीत आणि पुढे उर्दूत चालले, आणि फारसी ही तर नामांना लिंगच नसलेली भाषा. तिच्यात 'तो' आणि 'ती' यांना मिळून एकच सर्वनाम आहे. त्या दफ्तराने आपल्याला दिलेले शब्द पाहावेत: तहसीलदार, हवालदार, जमादार, सुभेदार, चिटणीस, फडणीस. शतकानुशतके ही पदे पुरुषांनीच भूषवली, तरी आज तहसीलदाराच्या खुर्चीत स्त्री बसली तर शब्दाला कोठे ठिगळ लावावे लागत नाही. उलट संस्कृतावरून पाडलेल्या शब्दांना प्रत्येक वेळी जोडपे लागते: शिक्षक-शिक्षिका, लेखक-लेखिका, परिचारक-परिचारिका. महानगरपालिकेच्या एकाच सभागृहात 'महापौर' जसेच्या तसे राहते आणि 'नगरसेवक' मात्र 'नगरसेविका' होतो. अंगणवाडीत तर हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत; एक 'सेविका', आणि तिच्या हाताखालची, तिच्यासारखीच स्त्री असलेली, 'मदतनीस'. इंग्रजीतही असेच दोन थर आहेत, एक 'टीचर', 'ऑफिसर' यांचा आणि दुसरा 'चेअरमन', 'स्टुअर्डेस' यांचा. कोणता शब्द कोणत्या थरातला हे ओळखता आले की निम्मे काम झाले.

आता सर्वांत मोठ्या अडचणीकडे, म्हणजे 'ही' या इंग्रजी पुल्लिंगी सर्वनामाकडे वळू. पुरुषवाचक शब्दात स्त्रियांचा समावेश आपोआप होतो, वेगळे सांगण्याची गरज नाही, असे शाळेत आम्हाला शिकवले गेले आणि मीही काही वर्षे तसेच शिकवले. त्याला कायद्याचा आधारही आहे. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे १३ वे कलम तेच सांगते, आणि हा अधिनियम संविधानाच्या अर्थनिर्णयालाही लागू असल्यामुळे संविधानात राष्ट्रपतींसाठी वापरलेले पुल्लिंगी सर्वनाम २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील त्या पदावर आल्या तेव्हा अडसर ठरले नाही. परंतु हाच आधार ऐन गरजेच्या वेळी कसा निखळला याचा इतिहास वाचल्यापासून मी तसे शिकवणे सोडले. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. तरी या देशात त्यांना वकिलीची सनद मिळावयास जवळजवळ तीन दशके लागली. दरम्यान १९१६ मध्ये रेजिना गुहा या पदवीधर स्त्रीने कलकत्ता उच्च न्यायालयापुढे वकिलीसाठी अर्ज केला, तेव्हा पुल्लिंगी शब्दात स्त्रीचा समावेश होतो हाच युक्तिवाद तिच्या बाजूने मांडण्यात आला होता, आणि न्यायालयाने तो अमान्य केला. कारण त्या १३ व्या कलमाला 'संदर्भ विरुद्ध नसेल तर' अशी पुस्ती जोडलेली आहे, आणि संदर्भ कोणता हे ठरवणारे सर्व पुरुष होते. शेवटी १९२३ मध्ये स्वतंत्र कायदा करून हा प्रतिबंध काढावा लागला. हे वाचल्यावर 'त्यात स्त्रिया आल्याच' या आश्वासनावर विसंबून राहणे मला अशक्य झाले. जे म्हणावयाचे ते शब्दांतच असावे. वाचणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये. आपल्या नव्या दंडसंहितेनेही हे काही अंशी ओळखले आहे: जुन्या भारतीय दंडविधानाच्या ८ व्या कलमात हे सर्वनाम 'पुरुष असो वा स्त्री' अशा कोणालाही लागू होते, तर १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २ ऱ्या कलमात तृतीयपंथी व्यक्तींचाही स्पष्ट उल्लेख आहे.

मग लिहावे कसे? परीक्षेच्या सूचनेत 'एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग हिज हॉल तिकीट' असे असते. त्यात बदल करून 'हिज ऑर हर' करणे हा पहिला उपाय सुचतो आणि एका वाक्यापुरता तो ठीकही आहे, परंतु परिच्छेदभर तो चालवला की वाचणाऱ्याला खडीवरून चालल्यासारखे होते. याहून सोपा मार्ग अनेकवचनाचा: 'ऑल स्टुडंट्स मस्ट ब्रिंग देअर हॉल तिकिट्स'. कित्येकदा सर्वनामाची गरजच नसते आणि 'द हॉल तिकीट' एवढ्याने भागते. आणि जेथे एकवचन अटळ आहे तेथे 'दे' हेच सर्वनाम एकवचनी अर्थाने निःसंकोच वापरावे. आमच्या पिढीच्या शिक्षकांना हा अशुद्धपणा वाटतो, मला पूर्वी वाटे. परंतु हा प्रयोग चौदाव्या शतकापासून इंग्रजीत आहे, जेन ऑस्टेनच्या लेखनात तो सापडतो, आणि अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या शैलीपुस्तिकेने २०१९ च्या सातव्या आवृत्तीत तो शास्त्रीय लेखनासाठीही मान्य केला आहे. मराठी माणसाला तर तो परका वाटण्याचे काहीच कारण नाही. 'साहेब आले', 'गुरुजी बसले' असे एका माणसाविषयी अनेकवचन आपण रोज योजतोच, आणि क्रियापदही अनेकवचनीच ठेवतो. इंग्रजीतही नेमके तसेच, माणूस एक असला तरी 'दे' नंतर 'आर' येते, 'इज' नव्हे. नवराबायकोंविषयी बोलताना 'ती दोघं गेली' असे नपुंसकलिंगी अनेकवचन आपली भाषा किती सहजपणे वापरते हे आठवले म्हणजे, दोघांना सामावून घेणारा शब्द शोधण्याची ही धडपड काही आजची नाही, हेही पटते.

व्यवसायांच्या नावांबाबत नियम सांगणे सोपे आणि पाळणे थोडे कठीण. 'फायरमन' ऐवजी 'फायरफायटर', 'पोलीसमन' ऐवजी 'पोलीस ऑफिसर', 'सेल्समन' ऐवजी 'सेल्सपर्सन', 'मॅनपॉवर' ऐवजी 'स्टाफ' किंवा 'वर्कफोर्स', 'चेअरमन' ऐवजी 'चेअरपर्सन' किंवा नुसते 'चेअर'. हे पर्याय आता रुळलेले आहेत आणि निर्धास्तपणे वापरावेत. क्रिकेटचे नियम ज्यांच्या हाती आहेत त्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने सप्टेंबर २०२१ मध्ये 'बॅट्समन' काढून 'बॅटर' घातले, तेव्हा इंग्रजी जाणणाऱ्यांत बरीच चर्चा झाली. आपल्या भाषेने मात्र गोलंदाज या तोफा डागणाऱ्याच्या जुन्या फारसी शब्दाच्या साच्यात 'फलंदाज' घडवून सांगलीच्या स्मृती मानधनासाठी जागा आधीच करून ठेवली होती. कठीण भाग येतो तो अधिकृत नावांचा. पद, अभ्यासक्रम किंवा पदवी यांचे कायद्याने अथवा सनदेने ठरलेले नाव आपल्या मर्जीने बदलू नये. राज्यसभेच्या पीठासीन अधिकाऱ्याला संविधान 'चेअरमन' म्हणते. व्हायोलेट अल्वा आणि पुढे नजमा हेपतुल्ला या 'डेप्युटी चेअरमन' म्हणूनच त्या सभागृहात बसल्या. 'बॅचलर ऑफ आर्ट्स' ही पदवी मुलीलाही त्याच नावाने मिळते. तेव्हा अर्जात, प्रतिज्ञापत्रात, करारनाम्यात, जेथे नोंद ताडून पाहिली जाणार तेथे, प्रमाणपत्रावरचे अक्षर न् अक्षर उतरवावे. आणि जेथे स्वतःचे वर्णन स्वतःच्या शब्दांत करावयाचे आहे, म्हणजे परिचयपत्रात, मुलाखतीत, पत्रात, तेथे आपल्याला योग्य वाटेल तो सर्वसमावेशक शब्द घालावा. त्या मुलीला मी सांगितले ते इतकेच: पात्रतेच्या रकान्यात 'ड्राफ्ट्समन सिव्हिल', आणि पत्राच्या पहिल्या ओळीत 'आय अ‍ॅम अ ट्रेन्ड सिव्हिल ड्राफ्टर'.

'एस' या स्त्रीवाचक प्रत्ययाने संपणारे शब्द, 'ऑथरेस', 'पोएटेस', 'एडिट्रेस' वगैरे, यांचा इंग्रजीत आता अंत झाला आहे. 'प्रिन्सेस' राहिले, 'अ‍ॅक्ट्रेस' अर्धे जिवंत आहे. येथे आपल्याकडे एक चूक फार होते आणि ती सद्भावनेने होते. आपल्याच शहरातील अनुराधा पाटील यांना २०१९ चा साहित्य अकादमी पुरस्कार 'कदाचित अजूनही' या संग्रहासाठी मिळाला. मराठीत त्यांना ज्येष्ठ कवयित्री म्हणणे हा गौरवच आहे, परंतु त्याचेच भाषांतर 'पोएटेस' असे केले की इंग्रजी वाचकाच्या कानाला घरगुती छंद म्हणून पदरचना करणाऱ्या बाईचा भास होतो. इंग्रजीत 'पोएट' लिहावे. आणि उलट दिशेनेही सावध राहावे: इंग्रजीत 'पोएटेस' गेले म्हणून मराठीत 'कवयित्री', 'लेखिका' हे शब्द टाकून द्यावेत असा आग्रह काही तरुण मंडळी धरतात, तो मला पटत नाही. एका भाषेतला न्याय दुसऱ्या भाषेत जसाच्या तसा रुजत नाही. मराठीत 'लेखिका' या शब्दाला कमीपणाचा वास नाही, आणि क्रियापद तर लिंग सांगणारच आहे.

संबोधनांच्या बाबतीत तर आपली स्थिती फारच नाजूक आहे. पुरुषाला जन्मापासून मरणापर्यंत एक 'श्री.' पुरते, स्त्रीच्या नावामागे मात्र कु., सौ., श्रीमती, गं. भा. अशी तिच्या संसाराची हकीकत जोडलेली. त्यातही 'श्रीमती' हा शब्द हिंदी मुलखात विवाहितेला लावतात आणि महाराष्ट्रात जुन्या घरांतून तो वैधव्यसूचक समजला जातो, त्यामुळे 'श्रीमती'चे इंग्रजीत 'मिसेस' करणे हे कधी चूक तर कधी जखमेवर बोट ठेवणे होते. इंग्रजीतील 'मिस' आणि 'मिसेस' ही दोन्ही 'मिस्ट्रेस' या एकाच शब्दाची रूपे, म्हणजे गृहस्वामिनी; लग्नाचा भेद त्यांना पुढे चिकटला. तो भेद टाळणारे 'मिझ' हे संबोधन १९०१ मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्राने सुचवले होते, १९७२ मध्ये त्याच नावाचे मासिक निघाल्यावर ते पसरले, आणि न्यूयॉर्क टाइम्सने १९८६ मध्ये ते स्वीकारले. स्त्रीची वैवाहिक स्थिती आपल्या पत्राच्या विषयाशी निगडित नसेल, आणि ती बहुधा नसतेच, तर हेच लिहावे. मात्र एखादी स्वतः 'मिसेस' अशी सही करीत असेल तर तिच्या इच्छेपुढे आपला नियम बाजूस ठेवावा. डॉक्टर, प्राध्यापक, न्यायमूर्ती अशी पदवी असेल तर ती आधी. समारंभाच्या निमंत्रणात 'द मेंबर्स अँड देअर वाइव्ह्ज' असा मजकूर अजून दिसतो. सभासद स्त्री असू शकते हे छापणाऱ्याच्या ध्यानी आलेले नसते, आणि 'मेंबर्स अँड देअर फॅमिलीज' म्हटल्याने शाईचा एक थेंबही जास्त खर्च होत नाही.

नोकरीच्या जाहिराती देणाऱ्या कारखानदारांना व दुकानदारांना वेगळे सांगणे आवश्यक आहे. 'ऑफिस बॉय', 'फीमेल रिसेप्शनिस्ट' अशा जाहिराती केवळ जुनाट नाहीत. भरतीत स्त्रीपुरुष असा भेद करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. काम कोणते ते लिहावे, करणारा कोण असावा ते काम ठरवील. घाटी रुग्णालयाच्या कक्षांतून 'सिस्टर' आणि 'ब्रदर' अशा हाका ऐकू येतात, त्या आपुलकीच्या आहेत आणि तशाच राहोत. परंतु इंग्रजी लिखाणात दोघांनाही 'नर्स'च म्हणावे, 'मेल नर्स' हा शब्द 'लेडी डॉक्टर'चा धाकटा भाऊ आहे.

आता याच्या नेमके उलट बोलणे भाग आहे. लिंग झाकणे हा गुण नव्हे. जेथे ते विषयाचाच भाग आहे तेथे ते झाकणे हा अन्याय होतो. एका वस्तीत स्त्रियांना रात्री रस्त्याने जाता येत नसेल तर तक्रारअर्जात 'रेसिडेंट्स' लिहू नये, 'विमेन' लिहावे. महिलांसाठी राखीव जागा, प्रसूतिरजा, वसतिगृह, हुंडा, येथे स्पष्ट शब्द हवा. आणि काही शब्द तर लिंग सांगूनही गुन्हा लपवतात. 'ईव्ह टीझिंग' हा आपल्या देशात बनलेला इंग्रजी शब्द छळाला चेष्टेचा वेष देतो. सर्वोच्च न्यायालयाने सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या कारकीर्दीत ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत तो टाळून रस्त्यावरील लैंगिक छळ असे सरळ म्हणावे अशी शिफारस आहे. 'हाउसवाइफ'च्या जागी 'होममेकर' आणि 'करिअर वुमन'च्या जागी नुसते 'वुमन' ही तिच्यातीलच. शेवटची सूचना मला विशेष मोलाची वाटते, कारण 'करिअर मॅन' असे कोणी कधी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

उत्साहाच्या भरात निरपराध शब्दांवर मात्र संशय घेऊ नये. 'मॅनेजर', 'मॅन्युअल', 'मॅन्युस्क्रिप्ट' यांच्या मुळाशी लॅटिन भाषेतील हात या अर्थाचा शब्द आहे, पुरुष नव्हे. 'हिस्टरी' ग्रीकातून आली, तिच्यात 'हिज' नाही. खुद्द 'मॅन' हा शब्द जुन्या इंग्रजीत मनुष्यमात्राला लागू होता आणि पुरुषासाठी 'वेअर' हा वेगळा शब्द होता. तो बुजला आणि 'मॅन' पुरुषांच्या वाट्याला गेला. 'हजबंड' म्हणजे मूळचा घरधनी, म्हणूनच पशुसंवर्धन खात्याच्या इंग्रजी नावात 'हजबंड्री' आहे. आपल्या 'पती' शब्दाची गतीही अशीच: मूळ अर्थ स्वामी, रक्षणकर्ता, सेनापती, कुलपती, राष्ट्रपती यांत तोच आहे, आणि स्त्री राष्ट्रपती झाल्यावर या शब्दाची जी ओढाताण झाली ती नवऱ्याचा अर्थ मनात ठेवल्यामुळे झाली.

राहिला एक व्यवहारातला प्रश्न, जो मला सर्वांत अधिक वेळा विचारला जातो: ज्या अधिकाऱ्याला पत्र लिहावयाचे त्याचे वा तिचे नाव 'किरण', 'सुमन' किंवा 'शशी' असे असेल तर मायन्यात काय घालावे? 'डिअर सर' घालून मोकळे होऊ नये. दूरध्वनीने विचारता आले तर विचारावे, त्यात अपमान नाही. विचारता येत नसेल तर 'डिअर किरण देशमुख' असे पूर्ण नाव कोणतेही उपपद न लावता लिहावे, आणि नावही ठाऊक नसेल तर पदनामाने, 'डिअर रजिस्ट्रार', 'डिअर प्रिन्सिपॉल', असे संबोधावे. आपल्या मुलांचे नाव लिहिताना, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांसाठी राज्य शासनाने ठरवलेला क्रम, म्हणजे आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, इंग्रजी अर्जातही तसाच ठेवावा; जागा पुरत नाही म्हणून आईच्या नावाचे आद्याक्षर करून टाकू नये.